चिकटवलेलं पोट

पोट चिकटवलेलं होतं. भिंगाखाली डिंकाची पुसट चकाकी दिसली तशी संग्रहालयात कीटक तपासणाऱ्या झ्लातिनानं सुई खाली ठेवली आणि समोरच्या म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं.

मेतोदीकाका रोदोपी पर्वताच्या पायथ्याशी रेल्वेचं फाटक सांभाळून निवृत्त झालेले. ड्यूटीवर असतानाच पतंग जमवायचे. आज सगळा संग्रह संग्रहालयाला फुकट द्यायला आले होते, पण आधी हा एक पतंग उघडून बघा म्हणून अडून बसले होते. कुठंतरी पाणी मुरतंय, असं झ्लातिनाला सकाळपासूनच वाटत होतं. या राखी पतंगांची जात पंखांवरून कळत नाही. नराच्या पोटाच्या टोकाशी मादीला धरायचे आकडे असतात, तेच काय ते खरं सांगतात. म्हणूनच नावासाठी हपापलेले हौशी लोक कधीकधी एकाचं पोट दुसऱ्याला डकवून आणतात.

"काका, हे पोट तुम्ही चिकटवलंत?"

"मी? हे हात बघ माझे. यांत सुई तरी ठरेल का?"

"मग कुणी?"

"तुझ्या सरांनीच असेल. एकतीस वर्षांपूर्वी ते इथं होते तेव्हा त्यांना तपासायला दिला होता. आत बघितलं, साधाच आहे म्हणाले आणि पोटासकट परत दिला. किती जपून काम करायचे! मेले बिचारे. आता एकदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंय, एवढंच."

झ्लातिनानं पुन्हा भिंगातून पाहिलं. आकडे बघायचे तर पोट आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळावं लागतं. उरते ती पारदर्शक साल, आणि ती काचपट्टीवर जाते. तपासलेलं पोट पतंगाला परत लावताच येत नाही. हे तर चांगलं केसाळ, धडधाकट होतं. म्हणजे एकतर सरांनी आत बघितलंच नव्हतं, नाहीतर हे पोट या पतंगाचं नव्हतं.

तिनं ते सोडवून उकळायला ठेवलं.

"बायको म्हणते, या वयात पतंगांचं नको ते बघायला शहरात जातोस, जनाची नाही तर मनाची तरी ठेव," काका म्हणाले. ती हसली नाही.

आकडे साध्या जातीचेच निघाले.

"साधाच ना?" तिचा चेहरा बघून काकांनी विचारलं. "तरी म्हटलं, सर चुकायचे नाहीत."

इथंच थांबता आलं असतं. पण ती उठली आणि कपाटातून संग्रहालयाची सगळ्यांत मौल्यवान काचपट्टी घेऊन आली. सरांनी शोधलेली नवी जात. एकच नर मिळाला होता, पुन्हा कधीच कुणाला सापडला नाही. सरांनी या जातीला आपल्या लाडक्या विद्यार्थिनीचं, झ्लातिनाचं नाव दिलं होतं. काचपट्टीवरचं पोट मुळाशी फाटलेलं होतं, पहिल्या वळ्याचा एक तुकडा गायब. एवढ्या सराईत हाताकडून हे कसं झालं, याचं तिला नेहमी नवल वाटायचं.

तिनं काकांच्या पतंगावरचा डिंक ओल्या कुंचल्यानं पुसला. छातीला एक तुकडा चिकटून होता. तिनं तीनदा इकडून तिकडे पाहिलं. एकाच पावाचे दोन तुकडे जुळावेत तशा कडा जुळत होत्या.

काचपट्टी परत कपाटात गेली असती तर म्हातारा समाधानानं घरी गेला असता.

"काका, सर खोटं बोलले. तुमचा पतंग साधा नव्हता. काचपट्टीवरचं हे त्याचंच पोट आहे. तुमच्या पतंगाला त्यांनी दुसरंच लावून दिलं. कुठं पकडला होतात?"

"फाटकाच्या खोलीत. खिडकीतल्या दिव्यावर आला होता."

काका काचपट्टीवरची चिठ्ठी वाचत राहिले. पतंग सापडल्याची जागा म्हणून सरांच्या सुबक अक्षरात दूरच्या पिरिन पर्वतातल्या एका डोंगराचं नाव होतं.

"या जातीचा दुसरा मिळव म्हणून त्यांनीच मला तिकडे पाठवलं," ते सावकाश म्हणाले. "वीस उन्हाळे रजा टाकून त्या डोंगरावर बसलो. आणि निघताना खोलीतला दिवा मालवून जायचो."