दोन किलो शंभर

बाळ काट्याला टांगलेलं होतं. घोड्यांचा दाणा तोलायचा काटा तो, तबेल्याच्या तुळईला लटकवलेला. त्याच्या आकड्यात फडक्याची झोळी अडकवून तबेलेवाल्यानं स्वतःचं सहा दिवसांचं पोर त्यात घातलं होतं. दवाखान्यातल्या वजनावर त्याचा भरवसा नव्हता.

"दोन किलो शंभर," तो म्हणाला, आणि वळून बायकोच्या थोबाडीत ठेवून दिली.

ती चणीनं लहान, त्यात ओली बाळंतीण. दाण्याच्या पोत्यांवर जाऊन आदळली, ओठ फाटला. आणि हा असा धिप्पाड गडी, की तबेल्याच्या दारातून येताना त्याला मान वाकवावी लागायची. त्याचं म्हणणं एकच होतं. आमच्या घराण्यात असलं उंदराचं पिल्लू कधी जन्मलं नाही. मी स्वतः साडेचार किलोचा होतो, आईनं शंभरदा सांगितलंय, सगळ्यांना ठाऊक आहे. खाण तशी माती म्हणतात, मग ही माती कुणाच्या खाणीतली ते सांग.

सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं ना बिचारीनं! त्यानं खुंटीवरचा लगामाचा पट्टा काढला आणि तिच्या पाठीवर ओढला. एकदा ओढला, दोनदा ओढला. तिसऱ्यांदा बकल लागलं आणि कपड्यावर रक्त उमटलं. घोड्या बिथरून पाय आपटायला लागल्या. पोर भेदरून रडत होतं आणि त्याच्या रडण्यानं काटा हलत होता.

दारात त्याची म्हातारी आई येऊन उभी राहिली होती. सुनेएवढीच ठेंगणी. उजवा हात मनगटात वाकडा. तरुणपणी घोडीनं लाथ मारली होती म्हणे. साडेचार किलो हे शब्द तिच्या कानावर पडले. ते तिचंच खोटं होतं. त्याच्या बापानं आपल्यावर संशय घेतला होता हे लेकाला कधी कळू नये म्हणून रचलेलं. सांगून सांगून ते खरं झालं होतं, आणि आज सुनेच्या पाठीवर वळ उठवत होतं. म्हातारीला भीती वाटली. नाही कशी वाटणार? नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली तरी पट्ट्याच्या आवाजानं तिचा हात अजून आपोआप डोक्यावर जायचा.

तरी ती आत गेली. झोळी आकड्यातून काढली आणि पोर सुनेच्या मांडीवर ठेवलं. त्यानं आईला मध्ये पडू नकोस म्हणून ढकललं. ती खांबावर आपटली, कपाळाला खोक पडली, आणि खांब धरूनच पुन्हा उठली.

"त्या बुटक्या घोडीला तू दांडगा घोडा लावलास," ती म्हणाली. "शिंगरू झालं बोकडाएवढं. तेव्हा घोडीला मारलंस का?"

तो थबकला. गिऱ्हाइकांना तोच तर ऐकवायचा, की जन्मतानाचं माप आईच्या पोटाचं, बापाचं हाड शिंगरू मागाहून धरतं. त्याच शिंगराचा आता उंचापुरा घोडा झाला होता, शेवटच्या कप्प्यात उभा होता. पण रागाचं काय, एक वाट अडवली की दुसरी शोधतो. जनावराचं जनावराला, तो म्हणाला. तुझंही पोट एवढंसंच होतं, मग मी कसा साडेचार किलोचा झालो?

"नव्हतास. एक किलो नऊशे होतास," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापानं ह्याच काट्यावर तोललं होतं तुला."

त्यानं काट्याकडे पाहिलं, मग आईकडे. चेहरा काळाठिक्कर पडला. आपल्या बापानं आपल्याला ह्या आकड्याला का टांगलं असेल, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि असल्या माणसाची जीभ अडली की हात चालतो. पट्टा पुन्हा वर गेला, या खेपेला आईवर.

म्हातारी हलली नाही. मागं न बघताच तिनं सुनेला सांगितलं, पोराला घे आणि माहेरची वाट धर, चपला शोधत बसू नकोस. सून पोर छातीशी धरून तिच्या पाठीआडून बाहेर पडली. अनवाणी पावलांचा आवाज अंगण ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत म्हातारी ऐकत राहिली.

पट्टा अजून वरच होता. तो हात ती चांगली ओळखत होती. नवऱ्याचा होता तसाच, तेवढाच, तसूभरही कमी नाही.

तिनं आपला डावा हात पुढं केला.

"उजवा तुझ्या बापानं मोडला, घोडीनं नाही," ती म्हणाली. "हा राहिलाय."