पाखऱ्याचं पथ्य

"देवाच्या घोड्याला उपाशी मारतोस व्हय रं, येसबा?" पुरणपोळीचं ताट घेऊन आलेली गोदामावशी कडाडली.

येसबानं पाखऱ्याच्या तोंडाला चक्क बैलाचं मुसकं बांधलं होतं. खंडोबाचा हा मानाचा घोडा कैक वर्षं लंगडत होता. "खूर गोडानं सुजतात. नैवेद्य बंद करा, नाहीतर यंदा यात्रेला घोडा विसरा," असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्याला, त्यातली साखर उतरावी म्हणून पाण्यात भिजवून निथळवलेलं सुकं गवत आणि वर मूठभर जवस.

पण देवाचा नैवेद्य माघारी कसा धाडायचा? "आण, मी भरवतो त्याला," म्हणून येसबा ताट घ्यायचा आणि गोठ्याआड स्वतःच चापायचा. अख्ख्या गावाची भक्ती पोटात घेऊन तो असा फुगला, की गोठ्याचं दार रुंद करावं लागलं.

यात्रेच्या दिवशी देवाला पाठीवर घेऊन पाखऱ्या गड असा चढला, की पायऱ्यांतून ठिणग्या उडाल्या. मागं गुडघा धरून येसबा लंगडत होता.

"घोड्याचं दुखणं तुलाच लागलं की रं!" मावशी हसली.

"लागंना का," येसबानं छाती काढली. "देव कुठं माझ्या पाठीवर बसतोय?"