भिंतीपलीकडचं गुणगुणणं

कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईंचं मशीन तिसऱ्या मजल्यावरच्या दुकानात, मागच्या भिंतीला लागून होतं. भिंतीपलीकडे रोज दुपारी कोणी पुरुष गुणगुणायचा आणि कडव्याच्या शेवटी हमखास बेसूर व्हायचा.

सहा वर्षांत बाईंनी त्याचा सगळा संसार मनात मांडला होता. एकटा असावा, लेक लांब दिली असावी, भांडी घासताना गात असावा.

मग चार दिवस आवाजच आला नाही. एकटा माणूस पडला-बिडला असला, तर कोणाला कळणार?

"या भिंतीपलीकडे कोण राहतं हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"पलीकडे? अहो बाई, ही इमारतीची शेवटची भिंत. पलीकडे काहीच नाही."

बाईंना पटेना. जिने उतरून त्या मागच्या गल्लीत गेल्या आणि मान वर करून पाहिलं. सपाट भिंत. ना खिडकी, ना गॅलरी.

परत येऊन त्या मशीनवर बसल्या. सुईत दोरा जाईना.

तेवढ्यात गुणगुणणं सुरू झालं. आवाज घोगरा होता, मधेच खोकला आला आणि कडव्याच्या शेवटी सूर घसरलाच.

बाईंचा जीव भांड्यात पडला. भीती कुठल्या कुठे गेली. डोळे पुसत त्या स्वतःशीच हसल्या. "सर्दी झाली होती होय! मी आपली नाही नाही ते मनात आणत बसले."

गुणगुणणं थांबलं.

"हो ना, ताई," भिंतीला अगदी तोंड लावून कोणीतरी म्हणालं. "आता बरं आहे."