नाव विचारायचं नाही

"मास्तरने दार उघडलंच कसं?" मानसीने विचारलं. "बाहेर कोण आहे ते त्याला माहीत पण नव्हतं."

शामरावांनी रिमोटने चित्र थांबवलं. पडद्यावरचा म्हातारा मास्तर हातात कंदील घेऊन दारातच थिजला. अमेरिकेतल्या गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या माणसांची ती मालिका होती. शेजारची मानसी रोज चारच्या सुमारास ती बघायला येई. नायगावच्या त्या चाळीत शामरावांचं एवढं कुणी ऐकून घेत नसे. त्यांचा जन्म ग्रंथालयात पुस्तकं लावण्यात गेला होता. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडे.

"तोच तर नियम," ते म्हणाले. "पोचवणाऱ्याने नाव विचारायचं नाही. माहीतच नसलं, तर कुणी दरडावलं तरी सांगणार काय?"

"आणि सगळे शनिवारीच का पळतात?"

"रविवारी छापखाना बंद. गुलाम पळाल्याची जाहिरात सोमवारपर्यंत निघत नाही. तेवढाच एक दिवस हाताशी."

"अमेरिका सुटली असेल तर कप उचला," मीराबाई आतून म्हणाल्या. "माझं मनगट धरलंय. कुकर पण आज तुम्हीच लावायचाय."

शामराव ओशाळून उठले. आठवडाभर बायको त्यांच्याकडून वरणभात करून घेत होती आणि वर हसतही होती. सत्तरीत डाळीत पाणी किती घालायचं ते शिकताना त्यांना पुन्हा पहिलीत बसल्यासारखं वाटे. पण दुखऱ्या हाताने ती तरी किती करणार? गावी एकटी राहणारी तिची बहीण सुभद्रा, 'चार दिवस ये' म्हणून सारखी फोन करायची. जाऊ नको, असं शामराव कधीच म्हणाले नव्हते. मीराबाई निघायच्या झाल्या की शामरावांचं पोट बिघडे, इतकंच. नऊ वर्षं असंच चाललं होतं.

मानसी घरी फॉल-पिको करायची. जाताना मीराबाईंनी तिच्या हातात दोन साड्या दिल्या. "सावकाश कर गं," त्या म्हणाल्या.

बुधवारी मानसीने शामरावांना जिन्यात गाठलं.

"काका, खरंच कुणाला पळून जायचं असेल तर तुम्ही मदत कराल?"

"कुणाला म्हणजे?"

"आहे एक. घरातून सोडत नाहीत. तिचं नाव..."

"थांब!" शामरावांनी हात वर केला. आपला आवाज इतका ठाम निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "नाव सांगायचं नाही."

मानसीने जिन्यात वर-खाली बघून घेतलं. "बघा हां. नंतर मला बोलायचं नाही."

"शब्द दिला."

"मग शनिवारी दुपारी परळच्या एस.टी. डेपोत एक बॅग आणायची. जिन्याखाली ठेवते. टॅक्सी नको, चालत या."

घरी येऊन ते खुर्चीत बसले, पण डोकं चालेना. मानसीचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. भाऊ हर्षवर्धनने ठरवलेलं लग्न. म्हणजे 'आहे एक' ती हीच. पण कालच ही गॅलरीत उभी राहून नवऱ्या मुलाशी, हितेंद्रशी, फोनवर खिदळत होती. मग पळायचं कशाला? की आपणच काहीतरी चुकीचं समजतोय? नेहमीसारखंच?

"काय गं," त्यांनी बायकोला आडून विचारलं, "हसतंखेळतं माणूस कधी पळून जाईल का?"

"तेच जाईल," मीराबाई भाजी निवडत म्हणाल्या. "रडणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते." मग मान वर करून म्हणाल्या, "तुम्ही नका कुणाच्या भानगडीत पडू. तुम्हाला झेपायचं नाही."

ते शेवटचं वाक्य शामरावांना लागलं. आता तर जायचंच, असं त्यांनी ठरवलं.

शनिवारी ते बायकोशी खोटं बोलले. "ग्रंथालयात जाऊन येतो."

"या," मीराबाई म्हणाल्या. एरवी दहा प्रश्न विचारणारी बाई आज काहीच कशी विचारत नाही, या विचारात ते जिना उतरले.

बॅग चांगलीच जड होती. ती घेऊन चाळीच्या तोंडाशी आले, तर समोर हर्षवर्धन बाईक पुसत होता.

"काय काका, एवढं मोठं सामान? पळून चाललात की काय?"

शामरावांनी बॅग पायामागे ओढली. "पुस्तकं आहेत. जुनी. द्यायचीत."

"बसा मागे, सोडतो."

"नको!" ते जवळजवळ ओरडले. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"सांभाळून हां," म्हणत हर्षवर्धन पुन्हा पुसायला वाकला.

वाटेत दोनदा बॅग खाली ठेवून त्यांनी श्वास घेतला. हात भरून आले होते. तरी छातीत कसलासा आनंद दाटला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणासाठी असं काही केलं नव्हतं.

डेपोत एका सुटायला आलेल्या गाडीच्या दारात मानसी उभी होती. "आणलीत!" म्हणत तिने बॅग ओढून आत नेली. शामराव दाराशी गेले. रात्रभर मनात घोळवलेलं वाक्य त्यांनी आता मोठ्याने म्हटलं. आतले प्रवासी माना वळवून बघायला लागले, पण घशाला कोरड पडली नाही.

"जा, पोरी! माणसाला बांधून ठेवायचा हक्क कुणालाच नसतो. मागचं मी बघून घेतो."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, आणि मानसीने रिकाम्या हाताने खाली उडी मारली.

"अगं, उतरलीस काय? गाडी सुटली ना!"

"मी कशाला जाऊ काका?" मानसी हळूच म्हणाली. "माझं लग्न आहे."

शामराव गोंधळून तिच्याकडे आणि मग गाडीकडे बघू लागले. गाडी वळण घेत त्यांच्या अगदी समोरून गेली. तिसऱ्या खिडकीत मीराबाई बॅग मांडीवर घेऊन सरळ पुढे बघत बसल्या होत्या.