खिडकीपर्यंत कापूस

कापूस घरात आला तेव्हा कुलदीप म्हणाला, “बाबाच्या खोलीत भरा, खिडकी बुजली तरी चालते. त्यायले कुठं दिसते?”

खिडकी बुजली. काही दिवसांतच आंधळे रघुनाथराव दिवसभर घोरू लागले आणि रात्रभर जागून सुनेला चहा मागू लागले. म्हाताऱ्याला चळ लागला, असंच घरात ठरलं.

मग कापूस पांढुर्ण्याच्या बाजारात गेला, खिडकी मोकळी झाली, खोलीत पुन्हा उजेड येऊ लागला. त्याच आठवड्यात एका पहाटे रघुनाथराव आपणहून उठून बसले.

“सुचिता, उजाडलं व. चाय मांड.”

“कोंबडा आयकला का, बाबा?”

“कोंबडा तं कापूस होता तवाबी आरवे.”

“मंग समजलं कसं?”

“माह्या डोळ्यायलेच मालूम, बाई. माले तं अजूनबी अंधारच दिसून राहिला.”