दहा वेळा धुतलेले केस

थोरलीने बटेवरून बोट फिरवलं. बट धाकटीची होती. दहा वेळा धुऊनही मऊसूत.

शेजारीच चिमट्याला थोरलीची स्वतःची बट लोंबत होती. दोन-तीनदा धुवेपर्यंत तीही तशीच होती. आता टोकं पार पिंजारली होती.

त्या दोघी बहिणी नव्हेत. केसांची प्रसाधनं बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकीला चौदा वर्षं झाली होती, दुसरीला आठ महिने. त्यावरून ही नावं पडलेली. ब्लीचने खराब झालेले केस सावरणारं मिश्रण दोघींनी आपापलं करून एकेका नमुन्याच्या बटेला लावायचं होतं. "जिचं टिकेल ती इथे राहील, दुसरी गोदामात," प्रमुख बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

थोरलीच्या मिश्रणातलं सिलिकॉन केसावर छान चढायचं. धाकटीचं मिश्रण मात्र आत शिरायचं.

"केसातलं प्रथिन तुटतं ना ताई, तिथे ऋण भार उघडा पडतो," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. "धन भाराचं काही दिलं, की ते तिथेच जाऊन घट्ट धरतं. वरून लिंपलेलं काय, पाण्याबरोबर जातं."

चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत. तेव्हापासून ती थोरलीच्या डोळ्यांत सलत होती. बाईसुद्धा हल्ली म्हणायच्या, "धाकटीला विचारा." चौदा वर्षं जणू पाण्यात गेली.

वाळलेल्या बटा त्या दिवशी दोन पाकिटांत गेल्या. पाकिटांवर नावाच्या चिठ्ठ्या टाचून ती कपाटात ठेवली. निकाल दुसऱ्या दिवशी चारला.

सकाळी थोरली आली तेव्हा धाकटी आधीच येऊन बसली होती.

"आज तुमचंच निवडतील बघा, ताई."

"हो का?"

"मला वाटतं तसं."

वर तोंड करून चेष्टा करतेय! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलीसुरली शरमही तिथेच संपली.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर पडल्यावर तिने कपाट उघडलं. पाकिटात डोकावायचा धीर झाला नाही. तिने दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, ह्याची त्याला, त्याची ह्याला लावली आणि कपाट लोटलं. मग डबा उघडून बसली.

चारला बाईंनी दोन्ही बटा विंचरल्या, यंत्रात धरून ताणल्या. एक लगेच तुटली. दुसरी चिवटपणे ताणत राहिली.

"ही," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी वाचली. "धाकटी."

थोरली चिठ्ठीकडे बघतच राहिली. आपण चिठ्ठ्या बदलल्या, हे नक्की. मग हे कसं?

बाई निघून गेल्या. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती जवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"असं कसं झालं, ताई?" ती कुजबुजली. "मी तर सकाळीच चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती. तुम्ही इथे राहावं म्हणून."