पाहुणीच्या गळ्यात

मिराबाईनं त्या पोरीच्या गळ्यात हात टाकले आणि रडायला सुरुवात केली.

हे रडणं सुरात होतं. बंजाऱ्यांची लेक सासरी निघाली की तांड्यातल्या एकेकाच्या गळ्यात पडून अशी गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. औंढा नागनाथचं दर्शन करून आलेले शहरातले लोक दर रविवारी देविदासच्या शेतावर दिवस घालवायचे. बैलगाडीतून फिरायचे, हुरडा खायचे, हळदीच्या रानात फोटो काढायचे. जेवणं उरकली की देविदास माईकवर सांगायचा, “आता आपण तांड्याची संस्कृती बघू.” मग आरशांचा घागरा सावरत मिराबाई उठायची. समोरची एखादी बाई निवडायची. पंचावन्न वर्षांची मिराबाई नवरी व्हायची आणि ती पाहुणी तिची याडी, म्हणजे आई.

लोक मोबाइल उंच धरायचे. गाणं संपलं की टाळ्या पडायच्या. मिराबाई डोळे पुसून ताक प्यायला आत जायची. खरंच रडू येतं का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, “सवय हाय.”

तिच्या स्वतःच्या घरात मात्र ते गाणं झालंच नव्हतं. एकुलत्या एका लेकीला, रुपाला, तिनं त्यातला शब्द न् शब्द शिकवला होता. तीन वर्षांपूर्वी रुपा एका सकाळी हिंगोलीला कॉलेजात म्हणून गेली आणि जातीबाहेरच्या पोराशी लग्न करून नाशिकला राहिली. अंगाला हळद नाही, कुणाच्या गळ्यात पडणं नाही. मिराबाईचा नवरा त्याआधीच वारलेला. ती एकटी उरली. कुणी लेकीचं विचारलं तर म्हणायची, “माह्यासाठी तो विषय संपला.” हळूहळू विचारणारेही थांबले. दिवाळीनंतर तांड्यातले लोक ऊसतोडीला गेले की घरोघर कुलपं लागत. दिवस दिवस बोलायला माणूस नसे. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी गळ्यात पडायला मिळतं, म्हणून ती देविदासकडं जायची.

आजची पोरगी पंचविशीची होती. कोमल तिचं नाव, मैत्रिणींबरोबर पुण्याहून आलेली. गाणं संपलं. टाळ्या झाल्या. पण कोमलनं मिठी सोडली नाही. मिराबाईच्या खांद्यावर डोकं टेकून ती हुंदके देत होती. लोक चुळबुळले. देविदासनं घाईघाईनं सगळ्यांना गोठ्याकडं नेलं.

“काहून रडून राहिली, माय?” मिराबाईनं विचारलं.

“मी आईला न सांगता घर सोडलं,” कोमल म्हणाली. “लग्न केलं. दोन वर्षं झाली. दर आठवड्याला फोन करते. ती उचलत नाही.”

“वाजतो का?”

“वाजून वाजून बंद होतो.”

मिराबाई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “करत राय. ती फोन हातात घिऊनच बसलेली असती. शेवटची घंटी वाजंपर्यंत.”

“तुम्हाला कसं माहीत?”

 मिराबाईनं कोमलचे डोळे आपल्या ओढणीनं पुसले आणि ती निघाली.

तांड्यावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तिनं हातपाय धुतले. चूल मात्र पेटवली नाही. मोबाइल मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसली. सहाच्या सुमाराला तो वाजला. गेली तीन वर्षं दर रविवारी वाजत होता, तसाच. नंबर तिला पाठ होता. दर वेळी ती तो बंद पडेपर्यंत बघत बसायची, आणि मग उठून कामाला लागायची. आज चार घंट्या झाल्या. पाचवीला तिनं बोट टेकवलं आणि फोन कानाला लावला.



 ती काही बोलायच्या आतच पलीकडून रुपाचा घाबरलेला आवाज आला, “कोण बोलतंय? माझ्या याडीला काय झालं?”